स्वेटरची ठिणगी आणि रॅमची पट्टी

जानेवारीतली पुण्याची संध्याकाळ. भाचीनं टेरिकॉटच्या शर्टावरून लोकरी स्वेटर काढला आणि चटचट आवाज झाला. टेबलावर खोकी मांडलेली होती: मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमच्या (मेमरीच्या) दोन पट्ट्या, फायली साठवणारी एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि हे सगळं जिच्यात बसतं ती धातूची पेटी, म्हणजे कॅबिनेट. दिवाळीपासून साठवलेल्या पैशांतून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दिवसभर हिंडून तिनं आणलेला हा तिचा पहिला कॉम्प्युटर. स्वेटर खुर्चीवर टाकून तिचा हात थेट रॅमच्या पट्टीकडे गेला आणि मी तो वाटेतच धरला. "काय झालं, मावशी?" स्वेटरमुळे अंगावर साचलेली स्थितिक वीज रॅम बिघडवू शकते, हे तिला तेव्हा घाईत सांगितलं; तेच इथे जरा सावकाश सांगते.

दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटून दूर झाले की एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे राहतात आणि दोघांवरही विद्युत प्रभार येतो. लोकर, केस, काच, नायलॉन हे इलेक्ट्रॉन सहज सोडतात. पॉलिस्टर, पॉलिथिन, थर्माकोल ते धरून ठेवतात. घासल्यानं स्पर्श जास्त ठिकाणी होतो, एवढंच. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि प्रभार त्यातून गुपचूप निघून जातो. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत त्याला ती वाट मिळत नाही, म्हणून तो अंगावरच साचतो. मुंबईत जुलैमध्ये ज्याला असा चटका कधीच बसत नाही, त्याला डिसेंबरात नागपूरला गाडीच्या दाराशी तो हमखास बसतो.

हा चटका केवढा असतो? चिप बनवणारे कारखाने चाचणीसाठी माणसाच्या शरीराचं एक सोपं प्रतिमान वापरतात: 100 पिकोफॅरड धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) आणि 1500 ओहम रोध (प्रवाहाला होणारा अडथळा). आपल्याला चटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. हिशेब केला तर त्यातली ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलपेक्षाही कमी भरते. एक ग्रॅमचं वजन साडेचार सेंटिमीटर उचलायला लागते, तेवढीच. पण हा प्रभार एका सेकंदाच्या काही दशलक्षांश भागातच वाहून जातो आणि त्या क्षणी 2 अँपिअरपर्यंत प्रवाह उसळतो. बोटाच्या कातडीचं त्यानं काही बिघडत नाही. चिपच्या आतली गोष्ट वेगळी आहे.

चिपमधल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे सूक्ष्म स्विचच्या, गेटखाली (तो चालू-बंद करणाऱ्या टोकाखाली) ऑक्साइडचा एक दुर्वाहक पापुद्रा असतो, काही नॅनोमीटर जाडीचा. माणसाचा केस सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. सिलिकॉन डायऑक्साइडचा असा थर दर नॅनोमीटरला साधारण 1 व्होल्ट सोसतो. त्यापुढे तो फुटतो आणि पुन्हा सांधला जात नाही. डीडीआर5 जातीची रॅम चालतेच मुळी 1.1 व्होल्टवर. तिच्यासमोर स्वेटरमधून आलेले हजारो व्होल्ट ठेवून पाहा.

अर्थात चिप अगदीच निराधार नसते. बाहेर येणाऱ्या तिच्या प्रत्येक टोकाशी जास्तीचा प्रवाह बाजूला वळवणारे संरक्षक डायोड बसवलेले असतात. मानवी स्पर्शातले हजार-दोन हजार व्होल्ट झेलता यावेत अशा बेतानं अनेक चिप्स घडवलेल्या असतात. म्हणून बेफिकिरीनं जोडलेले बरेच कॉम्प्युटरही चालतात आणि "आम्ही कधी काही केलं नाही, काही झालं नाही" असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. पण अडचण मधल्या पट्ट्यात आहे. डायोडची सहनशक्ती संपते तिथून आपल्या बोटाला चटका कळेपर्यंत बराच टप्पा उरतो. तेवढ्यात भाग दुखावला तर आपल्याला पत्ताही लागत नाही. शिवाय तो लगेच मरेलच असंही नाही. कधी पापुद्रा अर्धवट दुखावतो, कॉम्प्युटर सुरू होतो आणि काही महिन्यांनी विनाकारण बंद पडू लागतो. मग दोष विंडोजला दिला जातो.

आता यातली खरी गोम. प्रभार स्वतःहून काही बिघडवत नाही, बिघडवतो तो फरक. माझ्या अंगावर 5000 व्होल्ट असोत, कॅबिनेट आणि रॅमही त्याच पातळीवर असतील तर काहीच वाहणार नाही. त्यामुळे सगळी काळजी एका कामावर येते: मी, कॅबिनेट आणि हातातला भाग, तिघांना आधी एका पातळीवर आणायचं. कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूला हात लावला की तू आणि कॅबिनेट सारखे. पिशवीतली रॅम उचलण्याआधी आणि दर वेळी खुर्चीतून उठल्यावर पुन्हा लावायचा. उठताना अंग खुर्चीपासून सुटतं, धारिता घटते आणि तेवढ्याच प्रभाराचे व्होल्ट वाढतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीतून पॉलिस्टरच्या कपड्यांत उठणं हा म्हणूनच सर्वांत वाईट क्षण.

मनगटाला बांधून वायरीनं कॅबिनेटला जोडायचा अँटिस्टॅटिक पट्टा हेच काम सतत करतो. त्याच्या वायरीत 10 लाख ओहमचा रोध असतो. प्रभार त्यातून एका मिलिसेकंदाच्या आत निघून जातो, आणि चुकून 230 व्होल्टशी संबंध आलाच तर अंगातून जेमतेम पाव मिलिअँपिअर प्रवाह जातो. नुसती तांब्याची तार मनगटाला गुंडाळून अर्थिंगला जोडणं मात्र जिवावर बेतू शकतं. ते कधीही करू नये.

परदेशी व्हिडिओंत एसएमपीएसची पिन सॉकेटमध्ये ठेवून, बटण बंद करून काम करायला सांगतात, म्हणजे कॅबिनेट अर्थिंगशी जोडलेलं राहतं. आपल्याकडे आधी ते अर्थिंग आहे का ते पाहावं लागतं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे बऱ्याचदा वायरच नसते. अशा ठिकाणी चालू कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कॅपॅसिटर (प्रभार साठवणारे भाग) धातूच्या पेटीला वीजपुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास नेऊन ठेवतात. प्रवाह थोडा असतो, पण तो अर्थिंग नसल्याचा स्पष्ट पुरावा आहे. वायरमनला बोलवावं. तोवर पिन पूर्ण काढून काम करावं. पातळी सारखी करायला कॅबिनेटचा नुसता धातू पुरतो.

बाकी बाबतीत आपली घरं सोयीची आहेत. गालिचा नाही, घरात बूट नाहीत. शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहिलं की प्रभार पायातूनच बराचसा झिरपतो. सुती कपडे घालावेत. टेबलावरचं प्लॅस्टिकचं आच्छादन, थर्माकोल, बबल-रॅप बाजूला ठेवावं. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. तो ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर नको, कारण तिचं रक्षण आतल्या वस्तूसाठी असतं. 1836 साली मायकेल फॅरडे धातूनं मढवलेल्या खोलीत उपकरणांसह बसले, बाहेरून ठिणग्या उडवल्या, आत काही पोहोचलं नाही. ती पिशवी म्हणजे त्या खोलीचं छोटं रूप, तेही तोंड बंद असेल तरच.

पुढची जोडणी सोपी आहे. भाग कडेनं धरायचा, सोनेरी टोकांना बोट लावायचं नाही, प्रोसेसरवरची खूण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायची, रॅम दोन्ही बाजूंनी टिचकी वाजेपर्यंत दाबायची. एक सवय मात्र मोडायला हवी. रॅम लागली नाही की तिची टोकं खोडरबरानं घासायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. त्या घासण्यानं प्रभारही तयार होतो आणि वरचा सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो. पट्टी काढून नीट पुन्हा बसवली की बहुतेकदा काम होतं.

रात्री साडेनऊला दुसरी पट्टी बसवायची वेळ आली. ती पिशवी माझ्या हातात होती. भाचीनं कॅबिनेटच्या कडेवर डावा हात टेकवला आणि उजवा माझ्यापुढे केला. "आधी हात लाव, मग रॅम दे," ती म्हणाली.