लगाम म्हणजे ब्रेक नव्हे

गोव्यात शिगम्याला डिचोलीची घोडेमोडणी, म्हणजे घोडेस्वारांचा लोकनाच, बघताना शेजारच्या मुलीनं मला विचारलं, "खरा घोडा एवढ्याशा दोरीनं थांबतो कसा?" नाचणाऱ्यांच्या कमरेला लाकडी घोडे, हातात उपसलेल्या तलवारी आणि लगाम. ढोल-ताशांच्या गजरात तिला नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे देतो.

घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना, दात नसलेली मोकळी हिरडी असते. लगामाचा तोंडातला धातूचा भाग, म्हणजे कडियाळे, याच जागेत बसतं. तिथे पातळ हिरडीखाली लगेच जबड्याचं हाड लागतं आणि त्याची कड चांगलीच धारदार असते. शिवाय तोंड मिटलं की जीभ जवळजवळ सगळी पोकळी व्यापते. त्यामुळे कडियाळ्याला मोकळी जागा अशी मिळतच नाही. वादी, म्हणजे स्वाराच्या हातातला लगामाचा पट्टा, ओढली की दाब जिभेवर, हिरडीवर आणि ओठांच्या कोपऱ्यांवर येतो. कुठे किती येतो, यावरून कडियाळ्याचे प्रकार ठरतात.

स्नॅफल या प्रकारात वादी तोंडातल्या दांड्याच्या टोकाच्या कडीलाच जोडलेली असते. हातानं दोन किलोची ओढ दिली तर तोंडावर दोन किलोच येते. दांड्याला मधे एक सांधा असेल तर ओढीसरशी तो दुमडतो आणि जिभेला कडांनी चिमटल्यासारखा होतो. दोन सांधे असतील तर तो जिभेवरून जास्त सपाट वळतो.

कर्ब या दुसऱ्या प्रकारात दांड्याच्या दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्या असतात, वादी त्यांच्या खालच्या टोकाला असते आणि वरच्या टोकांपासून हनुवटीखालून साखळी जाते. ही सरळसरळ तरफ आहे. दांड्याच्या वर पट्टी ४ सेंटीमीटर आणि खाली ८ असेल, तर साखळी ताणली गेल्यावर दोन किलोच्या ओढीचे हनुवटीखाली चार किलो होतात आणि तोंडातल्या दांड्यावर सहा. शिवाय कानामागच्या पट्ट्यावरही थोडा ताण जातो. म्हणूनच "मधे सांधा आहे, म्हणजे स्नॅफल" हा समज धोक्याचा आहे. पट्ट्या असतील तर सांधा असूनही तरफ ती तरफच.

जाड दांडा सौम्य, हेही अर्धंच खरं. दाब रुंद जागेवर पसरतो हे बरोबर, पण लहान तोंडात जाड दांडा जिभेला जागाच ठेवत नाही. त्या घोड्याला पातळसा दांडा बरा वाटू शकतो.

गोव्याला घोडे नवे नाहीत. विजयनगरसाठी अरबस्तान-इराणहून येणारे घोडे इथल्या बंदरात उतरत, आणि १५१० साली गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी त्यांच्यावरच्या जकातीतून भरपूर पैसा मिळवला. पोर्तुगीज भाषेत कडियाळ्यालाही आणि गाडीच्या ब्रेकलाही 'फ्रेयु' म्हणतात. मला ही जोडी फार फसवी वाटते. चारशे-पाचशे किलोंचं जनावर आपल्या मनगटाच्या जोरावर थांबत नसतं. हलक्या दाबाचा अर्थ त्याला शिकवलेला असतो, आणि ते थांबताच दाब सुटला तर शिकवण पक्की होते. उलट वेदना झाली की पळ काढणं हा घोड्याचा जन्मजात स्वभाव. बेफाम पळणाऱ्या घोड्याच्या तोंडात आणखी कडक कडियाळं घालणं म्हणजे त्याला पळायला आणखी एक कारण देणं.

सगळ्यांत वाईट काटेरी कडियाळं. टांग्याच्या आणि वरातीच्या घोड्यांच्या तोंडात ते अजूनही सापडतं. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या केंद्रीय नियमांत अशा काटेरी साधनांना बंदी आहे, आणि तरीही ही परिस्थिती आहे.

त्या मुलीला मी आता घोड्याचं तोंड बघायला शिकवणार आहे. ओठांच्या कोपऱ्यात चिरा किंवा जुने पांढरे व्रण आहेत का, वादी ताणताच तो तोंड वासतो का, डोकं झटकतो का, जीभ बाहेर टाकतो का. एवढं दिसायला घोड्यावर बसावं लागत नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहूनही ते दिसतं.