‘वॉकर’ म्हणजे चालणारा? खुलासा

वॉकर आडनाव दिसले की ‘यांचे पूर्वज पायी निरोप पोचवणारे असतील’ किंवा ‘जंगलात गस्त घालणारे असतील’ असे हमखास सांगितले जाते. जॉनी वॉकरच्या बाटलीवर 1908 पासून ढांगा टाकत निघालेल्या गृहस्थाने तर या समजावर शिक्काच मारला. पण ते चित्र म्हणजे नावावरची निव्वळ कोटी आहे.

हे आडनाव कापडाच्या धंद्यातले. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ आणि तेलकट असे. ते हौदात टाकून पायांनी तुडवत. हौदातल्या पाण्यात शिळे, मुरलेले मूत्र घालत, कारण त्यातला अमोनिया तेलकटपणा काढतो. शिवाय विशिष्ट माती, म्हणजे आपली मुलतानी मातीच! धागे आटून कापड दाट होईपर्यंत हे चाले. वास कसा येत असेल, कल्पनाच करा. जुन्या इंग्रजीत या कारागिराला ‘वेल्कर’सारख्या उच्चाराचा शब्द होता, चालण्याचा अर्थ त्याच्या मूळ क्रियापदाला पुढे चिकटला.

बाराव्या शतकाच्या अखेरीस पाणचक्कीवरचे हातोडे हे काम करू लागले, तरी नाव टिकले. गंमत म्हणजे याच धंद्याची आणखी दोन आडनावे आहेत. उत्तर इंग्लंडात वॉकर, आग्नेयेकडे फुलर आणि नैऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात या मंडळींच्या संघाचे 1471 चे सभागृह ‘टकर्स हॉल’ आजही उभे आहे.

वनरक्षकांनाही इंग्लंडात वॉकर म्हणत, हे खरे. पण हजारो वॉकर कुटुंबांचा उगम तेवढ्याने सांगता येत नाही.