दातांची कमान आणि तारेचा आकार: हे गणित आलं कुठून?

ब्रेसेस लावायला गेलेल्या माणसाला डॉक्टर म्हणतात, तुमचा कर्व्ह खोल आहे, तो आधी सपाट करू. मग तो बिचारा घरी येऊन आरशात समोरून दात बघत बसतो आणि त्याला काहीच दिसत नाही, कारण तो कर्व्ह समोरून दिसतच नाही. मुळात वळणं दोन आहेत. वरून बघितलं की दिसते ती घोड्याच्या नालेसारखी कमान, आणि बाजूने बघितलं की खालच्या दातांच्या रांगेला मधे जो झोळ असतो तो. डॉक्टर म्हणतात तो कर्व्ह हा दुसरा. घोळ इथूनच सुरू होतो.

कमानीचा इतिहास जुना आहे. १७२८ मधे पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात धातूची वळवलेली पट्टी वापरून वाकडे दात दोऱ्याने तिच्याकडे ओढून घ्यायची पद्धत दिली, म्हणजे आजच्या तारेची पणजीच म्हणा. मग आले भूमितीवाले. बॉनविल हा अमेरिकन दंतवैद्य म्हणाला जबड्याचे दोन सांधे आणि खालच्या पुढच्या दातांचा मध्य मिळून ४ इंचाचा समभुज त्रिकोण होतो, त्यावरूनच १९०५ मधे हॉलीने पुढच्या सहा दातांची एकूण रुंदी त्रिज्या धरून वर्तुळावर कमान आखायची रीत काढली. पुढे कुणी म्हणालं की कमान म्हणजे कॅटनरी, म्हणजे बारीक साखळी दोन्ही टोकांना दाढांइतक्या अंतरावर धरून सोडली की खाली जो आकार लोंबतो तो. १९७२ मधे ब्रेडरने लंबवर्तुळाचा एक प्रकार सुचवला. कागदावर सगळंच छान दिसतं हो, पण यातल्या प्रत्येकाला सगळ्यांना बसेल असा एकच आकार हवा होता आणि तोंडं काही ऐकत नाहीत.

बाजूच्या वळणाची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ते शोधणारा ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारा डॉक्टर, नव्हताच. फर्डिनांड फॉन स्पी हा जर्मन शरीररचनातज्ज्ञ, १८९० मधे त्याने दात झिजलेल्या कवट्या बाजूने बघितल्या आणि त्याला दिसलं की दाढांचे माथे आणि जबड्याच्या सांध्याची पुढची कड एकाच वर्तुळाच्या कमानीवर येतात. त्याला उत्सुकता होती ती खालचा जबडा चावताना पुढे सरकतो तेव्हा दात एकमेकांना टेकलेले कसे राहतात याची.

हे वळण बाईटच्या, म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्याच्या, उपचारात खरं महत्त्वाचं ठरलं ते अँड्र्यूज या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टमुळे. त्याआधी १८९९ पासून एडवर्ड अँगल या ऑर्थोडॉन्टिस्टच्या वर्गीकरणाने दाढा कुठे बसतात ते बघायची सवय लागलीच होती. अँड्र्यूजने कधीच ब्रेसेस न लागलेल्या, चांगल्या बाईटच्या दातांच्या १२० प्लास्टर मॉडेल्सचा अभ्यास करून १९७२ मधे सहा निकष मांडले, त्यात सहावा हाच, वळण सपाट किंवा अगदी हलकं असावं. कारण सोपंय. खालच्या जबड्याच्या प्लास्टर मॉडेलवर एक सपाट पट्टी ठेवा, ती पुढचे दात आणि मागच्या दाढेवर टेकते आणि मधे उपदाढांपाशी फट राहते. ती फट मोठी म्हणजे बहुतेकदा पुढचे दात जास्त वर आलेत, आणि मग वरचे दात त्यांना झाकून टाकतात, हाच डीप बाईट.

आता झोळ काढायचा तर दात सरकायला जागा लागते. त्याचा जुना ठोकताळा होता, १ मिमी खोलीला १ मिमी जागा. १९९६ च्या एका अभ्यासात निघालं की लागणारी जागा त्याहून बरीच कमी असते, आणि पुढचे दात बाहेर कलतात ते बऱ्याच अंशी तारेच्या जोराची दिशा तशी असते म्हणून.

वरून दिसणाऱ्या कमानीचं भांडण मात्र अजून तसंच आहे. निकेल टायटॅनियमची तार हाताने नीट वाकवता येत नाही म्हणून ती तयार आकारातच येते, टेपर्ड (पुढे निमुळती), ओव्हॉइड (अंडाकृती) किंवा स्क्वेअर (चौकोनी). आणि खालच्या सुळ्यांमधलं अंतर ताणून वाढवलं तर ते बऱ्याचदा परत आत येतं, हे वर्षानुवर्षं बघितलेलं आहे. त्यामुळे तार निवडताना बरेच डॉक्टर ती पेशंटच्या उपचाराआधीच्या खालच्या मॉडेलवर ठेवून बघतात, हॉलीच्या वर्तुळावर नाही.