कंपाउंड वॉल आणि रिटेनिंग वॉल: भोकं बुजवण्याआधी हे वाचा

शहराजवळच्या टेकडीवर उतारावर घर बांधायचं ठरलं की लोक खिडक्यांच्या दिशांवर महिनोन्‌महिने विचार करतात, बागेतल्या झाडांची यादी करतात, पायऱ्यांचा दगड निवडायला चार ठिकाणी फिरतात. भिंतीचा विषय मात्र एका वाक्यात संपतो: "कडेनं कंपाउंड घालू, आतून भराव टाकू, बाग सपाट होईल." आतून भराव टाकला की ती कंपाउंड वॉल राहत नाही. ती रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवून धरणारी भिंत होते, आणि त्या कामासाठी ती बांधलेलीच नसते. उतारावरच्या बागांमध्ये कललेल्या आणि पोट सुटलेल्या कितीतरी भिंतींचं मूळ या एका वाक्यात असतं.

कंपाउंड वॉल सगळ्यांना माहीत आहे. हद्द दाखवते, आडोसा देते, गुरं-माणसं अडवते. दोन्ही बाजूंची जमीन एकाच पातळीत असते, त्यामुळे तिला स्वतःचं वजन पेलायचं असतं आणि वाऱ्याला तोंड द्यायचं असतं, बस्स. ताशी 144 किलोमीटरच्या वादळी वाऱ्याचा दाबसुद्धा दर चौरस मीटरला साधारण 100 किलोच्या भाराएवढा. म्हणजे 2 मीटर उंच भिंतीवर प्रत्येक धावत्या मीटरला (म्हणजे लांबीच्या दर मीटरला) सुमारे 200 किलो, तेही वादळ असेपर्यंतच.

रिटेनिंग वॉलच्या एका बाजूला जमीन उंच, दुसऱ्या बाजूला खाली. उंच बाजूची माती रात्रंदिवस तिला बाहेर ढकलत असते. 3 मीटर माती अडवणाऱ्या भिंतीवर, माती कोरडी आणि रेताड असली तरी, प्रत्येक धावत्या मीटरला सुमारे पावणेतीन टन रेटा येतो. उंची निम्मी केली तर रेटा निम्मा होत नाही, पाव होतो. आणि भिंतीला उलथवणारा जोर तर एक अष्टमांशावर येतो. हे गणित नवं नाही. कूलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याचा मातीच्या रेट्यावरचा निबंध 1776 मध्ये छापला गेला, रँकिनने 1857 मध्ये त्याचं सुटसुटीत रूप दिलं, आणि आजही डिझाइन तिथूनच सुरू होतं. म्हणून "आधीच्या भिंतीवर आणखी चार थर चढवू" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. चार थरांत काय जातंय असं वाटतं, पण त्यामागे माती भरली की खालच्या भिंतीचा सगळा हिशेब बदलतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. दगड, विटा, आरसीसी, काहीही दोन्हीकडे चालतं. जाडीवरूनही ओळखू नका. आरसीसीची रिटेनिंग वॉल वर सडपातळ दिसते. तिचा पाया मात्र बहुधा उंचीच्या निम्म्याहून जास्त रुंद असतो आणि त्याचा मोठा भाग मागच्या मातीखाली गेलेला असतो. त्या भागावर बसलेल्या मातीचं वजनच भिंतीला जागेवर धरून ठेवतं. हद्दीच्या रेषेवर अरुंद चर खणून असा पाया होत नाही.

खरा घोळ पाण्याचा आहे.

बहुतेकांना वाटतं की रिटेनिंग वॉल माती अडवते, तर पाणीही अडवलं पाहिजे. नेमकं उलटं आहे. तिने माती अडवायची आणि पाणी सोडून द्यायचं. मातीच्या कणांमध्ये घर्षण असतं, कण एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे चांगली रेताड माती आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश एवढाच दाब आडवा टाकते. पाण्याला हे घर्षण नाही. ते जेवढा दाब खाली देतं तेवढाच आडवाही देतं. वरची तीच 3 मीटरची भिंत घ्या. मागे पाणी तळापासून माथ्यापर्यंत तुंबलं तर पाण्यात बुडालेल्या मातीचा रेटा कमी होऊन दीड टनावर येतो, पण एकट्या पाण्याचा साडेचार टन. एकूण सहा. भिंत तीच, माती तीच, उंची तीच, आणि भार दुपटीहून जास्त. भिंती कोरड्या दिवसांत सहसा पडत नाहीत, मोठ्या पावसात पडतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून त्या भिंतीत भोकं ठेवलेली असतात. साइटवर त्यांना वीप होल म्हणतात: 75 ते 100 मिलिमीटरचे पाइपचे तुकडे, साधारण एक-दीड मीटर अंतरावर, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते. त्यांच्या मागे खडीचा जवळपास फूटभर जाड उभा थर हवा आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, नाहीतर बारीक माती वाहून येऊन भोकं चोंदतात. तळाशी भोकांचा पाइप उतार देऊन बाहेर काढला तर उत्तम. या मागच्या कामाचे पैसे वाचवण्यासाठी खणून काढलेली चिकण माती परत तिथेच ढकलली जाते. ती पाणी धरून ठेवते आणि भिजली की फुगते. दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही.

आणि मग घरमालक येतात. भोकांतून मातकट ओघळ आलेले, कडेला पांढऱ्या क्षारांची झालर, एखाद्या भोकातून नेच्याचं पान डोकावतंय. महागड्या घराच्या बागेत हे शोभत नाही, म्हणून भोकं सिमेंटने बुजवली जातात, वर वॉटरप्रूफिंगचा हात, त्यावर दगडी क्लॅडिंग, म्हणजे दगडाच्या लाद्यांचं आवरण. कंपाउंड वॉलवर हेच काम चांगली निगा ठरलं असतं. इथे ते भिंतीचा जीव घेतं. डाग नको असतील तर भिंतीच्या पायथ्याशी पन्हाळ करा, समोर झुडपं लावा, वेल खाली सोडा, पण भोकांना हात लावू नका. क्लॅडिंग हवंच असेल तर पाइप त्याच्याही बाहेर काढून घ्या.

याच चुकीची भावंडं बागेत ठिकठिकाणी सापडतात. छपराच्या पावसाळी पाइपचं तोंड भिंतीमागच्या वाफ्यात सोडलेलं. भिंतीच्या अगदी कडेपर्यंत हिरवळ आणि तिच्यावर रोजचा फवारा. माथ्यावर गाडी उभी करायची जागा किंवा पाण्याची टाकी. म्हणजे रेट्यात आणखी भर. छपराचं पाणी बंद पाइपने भिंतीच्या पलीकडे खाली न्यायला एका दिवसाचं काम पुरतं आणि त्याने बराच धोका टळतो.

माझी पसंती विचाराल तर एक उंच भिंत कधीच नको. 3 मीटरच्या एका भिंतीऐवजी दीड-दीड मीटरचे दोन टप्पे करा. प्रत्येकीवर पावणेतीन टनांऐवजी पाऊण टनाहून कमी रेटा येतो. अट एकच: वरची भिंत खालचीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मागे हवी, नाहीतर तिचा भार खालचीवरच येतो. आणि मधल्या टप्प्यात फुलझाडांना जी जागा मिळते ती सपाट मैदानात कुठे मिळणार? साहित्य निवडायचं झालं तर जाळीत दगड भरलेली गॅबियन किंवा सिमेंटशिवाय रचलेली दगडी भिंत मला आवडते, कारण पाणी तिच्यातून आपोआप निघून जातं आणि बुजवायला भोकंच नसतात. रिटेनिंग वॉलच्या डोक्यावर भरीव कंपाउंड चढवण्याऐवजी जाळी किंवा रेलिंग लावा. वारा आरपार जातो आणि दरीकडचा देखावाही झाकत नाही.

तयार घर घेत असाल तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभे राहून जमिनीची पातळी बघा. फरक असेल तर ती रिटेनिंग वॉल, विकणारा काहीही म्हणो. मग पाइपचे तुकडे शोधा आणि कडेने नजर लावून पोट सुटलंय का पाहा. खालच्या भागातली आडवी भेग ही वरच्या उभ्या बारीक भेगेपेक्षा कितीतरी गंभीर. ती दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका. जमलं तर सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर परत जा. वरची माती चिंब भिजलेली आणि भोकं कोरडी ठणठणीत असतील, तर पाणी मागेच अडलं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मागची माती उकरून निचऱ्याची सोय नव्याने करण्याचा खर्च किमतीत धरायला हवा.