डीपी रोड झाला म्हणजे जाम सुटला का? विकास आराखडा आणि वाहतूक आराखडा

२०२५ मध्ये मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रोड या पट्ट्यांत महापालिकेचे जेसीबी फिरले, तेव्हा छत्रपती संभाजीनगरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता: डीपी. घर पडलं ते डीपीमुळे आणि आता ट्रॅफिक सुटणार तेही डीपीमुळे, असं सरसकट बोललं गेलं. पाडापाडीचा डीपीशी संबंध आहेच. ट्रॅफिक सोडवणं मात्र मुळात त्याचं काम नाही. त्यासाठी वेगळा कागद असतो, सर्वंकष वाहतूक आराखडा. अधिकारी त्याला सीएमपी म्हणतात.

डीपी, म्हणजे विकास आराखडा, जमिनीचं बघतो. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली तो तयार होतो. कुठल्या गटात राहती वस्ती, कुठे शाळेचं आरक्षण, कुठून चोवीस मीटरचा रस्ता, हे तो नकाशावर आखून देतो. त्याच्यामागे कायदा उभा आहे. मसुदा प्रसिद्ध केला की आक्षेप-सूचना मागवाव्याच लागतात, शेवटी शासनाची मंजुरी लागते आणि आखलेल्या रस्त्यात बांधकामाची परवानगी मिळत नाही. जमीनमालकाच्या हातीही कलम १२७ आहे: दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर तो नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप सुटतं. म्हणून कोर्टकज्जे होतात ते डीपीवरून.

सीएमपी माणसांचं बघतो. कोण कुठून कुठे जातं, कशानं जातं, किती वेळ लागतो, खिशातून किती जातात. त्यासाठी घरोघर सर्वेक्षण होतं, चौकाचौकांत गाड्या मोजतात, पार्किंग आणि मालवाहतूक पाहतात. मग पुढच्या वीसेक वर्षांचा अंदाज बांधून बस, पायी चालणं, सायकल, रस्ते, पार्किंगचं धोरण असं सगळं एकत्र मांडतात. वाहनांपेक्षा माणसं हलवा, हे २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचं सांगणं, आणि सीएमपी त्याच विचारातून आला. पण त्याच्यामागे डीपीसारखा कायदा नाही. महापालिकेनं तो कपाटात ठेवला तर जाब विचारायला कलम सापडत नाही.

त्यात २०१७च्या मेट्रो धोरणानं एक गंमत केली. केंद्राची मदत हवी तर आधी सीएमपी हवा, अशी अट घातली. हेतू चांगला होता: मेट्रो खरंच लागते का, की बसनं भागेल, हे आधी तपासा. प्रत्यक्षात बऱ्याच शहरांत सीएमपी हा मेट्रोच्या अर्जाला जोडायचा दाखला होऊन बसला. आपल्याकडेही शहराचा सीएमपी आणि शेंद्रा-वाळूज मेट्रो मार्गाचा प्रकल्प अहवाल ही दोन्ही कामं महामेट्रोकडेच दिली गेली. मेट्रो बांधणाऱ्यालाच मेट्रो लागते का विचारल्यावर उत्तर काय यायचं?

फरक खरा कळतो तो वाळूजच्या रस्त्यावर. मुकुंदवाडीत राहणारा कामगार सकाळच्या शिफ्टला निघतो तेव्हा जालना रोडनं महापालिकेची हद्द, मग छावणी परिषदेची (लष्करी छावणीचा वेगळा कारभार), पुढे वाळूजजवळच्या पंढरपूर गावची ग्रामपंचायत आणि शेवटी एमआयडीसी, अशा चार कारभारांतून त्याची दुचाकी जाते. महापालिकेचा डीपी तिच्या हद्दीवर संपतो. कामगाराचा रस्ता संपत नाही. हा पूर्ण प्रवास एका कागदावर दिसू शकतो तो फक्त वाहतूक आराखड्यात. तिथेही सिग्नल पोलिसांकडे, रिक्षाचे परवाने आरटीओकडे, सिटी बस स्मार्ट सिटीकडे. सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारं महानगर परिवहन प्राधिकरण हवं, असं तेच मेट्रो धोरण सांगतं. ही शिफारस उड्डाणपुलासारखी फोटोत येत नाही, म्हणून मागे पडते.

माझं मत विचाराल तर महापालिकेचा प्राधान्यक्रम उलटा लागला आहे. जालना रोडवर एकामागून एक उड्डाणपूल झाले आणि जाम पुढच्या चौकात सरकला. रुंद रस्ता मोकळा दिसला की आणखी गाड्या त्यावर येतात, हे जगभर दिसलेलं आहे. आधी बस हवी. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेली सिटी बस हे खरं तर शहराचं मोठं काम, पण बस कधी येईल याचा भरवसा नसेल तर माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो, आणि एकदा घेतली की बसकडे वळून बघत नाही. दुसरा नंबर फुटपाथचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सोडायची असते. रुंदीकरणात घरं गेली, त्या जागेवर फुटपाथ होणार की पार्किंग, हे डीपीतला मीटरचा आकडा सांगत नाही. तो रस्त्याची फक्त हद्द ठरवतो.

तेव्हा तक्रार करताना कागद बघून करा. घरावर खूण आली असेल तर नगररचना विभागात जाऊन मंजूर आराखड्याचा भाग नकाशा आणि मोजणी मागा. तिथे बसच्या वेळापत्रकाचं बोलून उपयोग नाही. आणि रस्ता रुंद होऊनही चालायला जागा नसेल, बस थांबत नसेल, तर वॉर्डाच्या नगरसेवकाला एवढंच विचारा: या रस्त्याचा आडवा छेद दाखवा, म्हणजे रुंदीतली किती जागा फुटपाथला, किती गाड्यांना, किती पार्किंगला, तो नकाशा. एप्रिल २०२० नंतर बरीच वर्षं असं विचारायला नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांच्या हाती होता.