जॉब कॉस्टिंग आणि प्रोसेस कॉस्टिंग: खर्चाची पद्धत निवडताना संस्थेची मूल्ये कुठे कसाला लागतात

एखादी वस्तू किंवा सेवा तयार करायला किती खर्च आला हे काढण्याच्या दोन मूलभूत पद्धती आहेत: जॉब कॉस्टिंग आणि प्रोसेस कॉस्टिंग. दोन्हींत साहित्य, मजुरी आणि अप्रत्यक्ष खर्च हेच घटक येतात, आणि दोन्हींतून शेवटी प्रति नग खर्चाचा आकडा निघतो. त्यामुळे त्यांच्यातला फरक केवळ तक्त्यांच्या मांडणीचा आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात जॉब कॉस्टिंगमध्ये खर्च त्या विशिष्ट कामाच्या नावावर चढतो, तर प्रोसेस कॉस्टिंगमध्ये तो विभागाच्या आणि कालावधीच्या नावावर चढतो. खर्च कोणाच्या नावावर चढला यावरून त्याचा जाब कोणाला विचारला जाणार हे ठरते, आणि जाब विचारण्याची रीत हा संस्थेच्या संस्कृतीचा गाभा असतो. म्हणून ही निवड केवळ लेखा विभागावर सोपवून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही.

जॉब कॉस्टिंग तिथे लागू पडते जिथे प्रत्येक काम दुसऱ्यापेक्षा वेगळे असते: छपाईची ऑर्डर, जहाजाची दुरुस्ती, मागणीनुसार बनवलेले यंत्र, कायदेविषयक सल्ला, लेखापरीक्षण. काम स्वीकारले की त्याला जॉब नंबर मिळतो आणि त्याचे जॉब कार्ड उघडले जाते. भांडारातून साहित्य उचलताना मागणी-चिठ्ठीवर तोच नंबर लिहावा लागतो, कामगार किंवा सल्लागार आपल्या टाइमशीटवर तास त्याच नंबरापुढे टाकतो, आणि अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे भाडे, घसारा, देखरेख यांसारखा ओव्हरहेड, आधी ठरवलेल्या दराने त्यावर आकारला जातो. समजा वर्षभराचा अंदाजित ओव्हरहेड 12,00,000 आणि अंदाजित यंत्र-तास 10,000 असतील, तर दर तासाला 120 असा बसतो. एखाद्या कामाला 35 यंत्र-तास लागले तर त्यावर 4,200 इतका ओव्हरहेड चढेल. दर अंदाजावर बेतलेला असल्याने वर्षाअखेरीस आकारलेला आणि प्रत्यक्ष ओव्हरहेड यांत तफावत उरतेच, आणि ती वेगळी हिशेबात घ्यावी लागते.

प्रोसेस कॉस्टिंग याच्या उलट्या टोकाकडून सुरू होते. सिमेंट, साखर, रंग, इंधन, औषधी रसायने अशा एकसारख्या मालाच्या अखंड उत्पादनात या पोत्याला किती खर्च आला असे विचारण्यात अर्थ नसतो, कारण शेजारचे पोते तसेच असते. इथे एका विभागाचा एका महिन्याचा सगळा खर्च एकत्र करून तो त्या महिन्यात झालेल्या उत्पादनाला भागायचा असतो. अडचण येते ती महिनाअखेरीस अर्धवट राहिलेल्या मालामुळे. समजा एका विभागात 1,000 लिटर माल सुरू झाला, 800 लिटर पूर्ण झाला आणि 200 लिटर निम्म्यावर राहिला. साहित्य सुरुवातीलाच घातले जाते, आणि त्याचा खर्च 1,00,000 आहे. मजुरी आणि ओव्हरहेड मिळून 90,000 आहेत. साहित्याच्या दृष्टीने सगळे 1,000 लिटर पूर्ण आहेत, म्हणून प्रति लिटर 100. मजुरी आणि ओव्हरहेडच्या दृष्टीने मात्र 800 अधिक निम्म्यावरच्या 200 लिटरचे 100, असे 900 समतुल्य लिटर होतात, म्हणून तेही प्रति लिटर 100. पूर्ण मालाचा दर 200 येतो आणि अर्धवट मालाच्या नावावर 30,000 राहतात. हीच गोष्ट घाईत केली आणि एकूण 1,90,000 नुसत्या 800 ने भागले, तर दर 237.50 येतो, म्हणजे खऱ्या खर्चापेक्षा जवळजवळ 19 टक्के जास्त. विक्रीची किंमत या फुगलेल्या आकड्यावर बेतली गेली आणि महाग मालामुळे ग्राहक दुरावले, तर नुकसान कुठून झाले हे नंतर शोधूनही सापडत नाही.

निवडीसाठी मी एकच प्रश्न पुरेसा मानतो: या एका नगाचा खर्च वेगळा कळल्याने आपला कोणता निर्णय बदलेल? बदलत असेल तर जॉब कॉस्टिंगच्या नोंदींचा त्रास सार्थकी लागतो. बदलत नसेल तर ते नुसते कागद वाढवणे ठरते. अनेक उद्योग या दोहोंच्या मध्ये असतात. तयार कपड्यांत कापड प्रत्येक तुकडीचे वेगळे असते, पण कापणे आणि शिवणे सगळ्यांना सारखे असते. तिथे साहित्य तुकडीच्या नावावर आणि प्रक्रियेचा खर्च विभागाच्या नावावर धरण्याची मिश्र पद्धत वापरतात. एकसारख्या नगांच्या तुकडीसाठीचे बॅच कॉस्टिंग आणि कंत्राटांसाठीचे कॉन्ट्रॅक्ट कॉस्टिंग ही जॉब कॉस्टिंगचीच रूपे आहेत, त्यांना स्वतंत्र पंथ मानण्याचे कारण नाही.

इथे आणखी एक गल्लत दूर केली पाहिजे. लेखाशास्त्राचे अभ्यासक रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी 1980 च्या दशकात पुढे आणलेली ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग ही या दोहोंना पर्याय असलेली तिसरी पद्धत म्हणून वारंवार मांडली जाते. ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. जॉब की प्रोसेस हा प्रश्न खर्च कोणाच्या नावावर गोळा करायचा याचा आहे. ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग अप्रत्यक्ष खर्च कोणत्या आधारावर वाटायचा ते सांगते. सगळा ओव्हरहेड एकाच यंत्र-तासाच्या दराने वाटण्याऐवजी यंत्राची मांडणी, खरेदी, तपासणी अशा प्रत्येक क्रियेचा दर वेगळा काढायचा, हे जॉब कॉस्टिंगमध्येही करता येते आणि प्रोसेस कॉस्टिंगमध्येही.

आता मूल्यांकडे वळू. अमेरिकी अभ्यासक एडगर शाइन यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर मांडले: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, बोलून दाखवलेली मूल्ये आणि कोणी न बोलता गृहीत धरलेल्या समजुती. दुसरा आणि तिसरा थर यांचीच सर्वाधिक गल्लत होते. भिंतीवरची मूल्ये हीच संस्थेची संस्कृती असे व्यवस्थापन मानते, आणि कर्मचारी मात्र आपली समजूत रोजच्या अनुभवावरून बनवत असतात: कोणत्या आकड्यावर बैठक तापते, कोणत्या आकड्यावर पगारवाढ ठरते, कोणता आकडा कोणी विचारतच नाही. खर्चाची पद्धत हे आकडे रोज पुरवते. म्हणून ती तटस्थ राहू शकत नाही.

जॉब कॉस्टिंगमध्ये हा ताण टाइमशीटवर येतो. सल्लागार संस्थेने पारदर्शकता हे मूल्य जाहीर केले आहे, आणि त्याच वेळी ठरलेल्या तासांपेक्षा जास्त तास लागलेल्या प्रत्येक जॉबबद्दल प्रमुखाला खुलासा द्यावा लागतो, अशी कल्पना करा. कनिष्ठ सहकाऱ्याला हे लवकर उमगते. तो रात्री केलेले दोन तास लिहीतच नाही, किंवा अजून अंदाजात मोकळीक असलेल्या दुसऱ्या जॉबवर टाकतो. जॉब कार्ड नीटनेटके दिसते, पण पुढच्या वर्षी त्याच ग्राहकाला दर सांगताना संस्था खोट्या तासांवर विसंबते, तोटा पुन्हा ओढवून घेते आणि त्याचा भार त्याच कनिष्ठावर पडतो. इथे शिस्त वाढवून उपयोग नाही. जादा तास लिहिणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न 'अंदाज कुठे चुकला?' असा असला, तर टाइमशीट खरे होऊ लागते.

प्रोसेस कॉस्टिंगमध्ये हीच कसोटी तुटीच्या व्याख्येत लपलेली असते, आणि या पद्धतीतला सर्वांत गंभीर नैतिक निर्णय मला इथेच दिसतो. प्रक्रियेत काही माल उडून जातो, सांडतो, खराब होतो. जी तूट अटळ आहे ती सामान्य तूट, आणि तिचा खर्च चांगल्या मालात मिसळला जातो. त्यापलीकडची ती असामान्य तूट. तिचा खर्च वेगळा काढून थेट नफा-तोटा खात्याला टाकतात. समजा 1,000 किलो मालावर 1,90,000 खर्च झाला, भंगाराची काही किंमत येत नाही, आणि हाती 900 किलो आला. सामान्य तूट 5 टक्के मानली असेल, तर अपेक्षित उत्पादन 950 किलो, दर 200, आणि 50 किलोच्या असामान्य तुटीचे 10,000 वेगळे दिसतात. आता कोणी सामान्य तूट 10 टक्के ठरवून टाकली, तर दर सुमारे 211 होतो आणि असामान्य तूट शून्य. एकूण खर्चातला एक पैसाही बदललेला नाही. फक्त 10,000 चा अपव्यय आता दिसेनासा झाला, आणि शक्य असेल तिथे तो ग्राहकाच्या किमतीत गेला. जी संस्था 'गुणवत्तेशी तडजोड नाही' असे म्हणते, तिने सामान्य तुटीचा टक्का कोण ठरवतो, कशाच्या आधारावर आणि शेवटचा कधी तपासला, या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत. ज्या विभागाचे मूल्यमापन त्या टक्क्यावर होते, त्यानेच तो ठरवणे चुकीचे आहे.

साठ्यासाठीचे आंतरराष्ट्रीय लेखामानक, आयएएस 2, या बाबतीत स्पष्ट आहे: साहित्याचा, मजुरीचा किंवा अन्य उत्पादन-खर्चाचा असामान्य अपव्यय साठ्याच्या मूल्यात धरता येत नाही, आणि स्थिर उत्पादन-ओव्हरहेड, म्हणजे उत्पादन कमी-जास्त झाले तरी फारसा न बदलणारा खर्च, सामान्य क्षमतेच्या, म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत सरासरी अपेक्षित असलेल्या उत्पादनाच्या, आधारावर वाटावा लागतो. हा दुसरा नियम दोन्ही पद्धतींना सारखाच लागू आहे आणि त्यामागे एक मोह आहे. स्थिर खर्च जितक्या जास्त नगांवर पसरवाल तितका प्रति नग खर्च कमी दिसतो. साहजिकच ज्या व्यवस्थापकाला केवळ प्रति नग खर्चावर शाबासकी मिळते, तो मागणी नसतानाही यंत्रे चालू ठेवतो, गोदाम भरतो, आणि न खपलेल्या मालात या वर्षीचा स्थिर खर्च पुढच्या वर्षात ढकलतो. अपव्यय टाळण्याचे मूल्य मानणाऱ्या संस्थेत हे घडते, तेव्हा त्या व्यवस्थापकाला दोष देण्याआधी त्याला दिलेला आकडा पाहावा. प्रति नग खर्चासोबत साठ्यातली वाढही त्याच तक्त्यात दाखवली, तर मोह बराच आटोक्यात येतो.

जाहीर मूल्ये आणि मोजमाप परस्परविरुद्ध गेली की मोजमापच जिंकते, याचे सार्वजनिक उदाहरण वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेचे आहे. तिथे प्रश्न खर्चाचा नव्हता, विक्रीच्या उद्दिष्टांचा होता, तरी तर्क तोच. एकाच ग्राहकाला जास्तीत जास्त खाती आणि कार्डे विकण्याच्या दबावाखाली कर्मचाऱ्यांनी लाखो खाती ग्राहकांच्या संमतीविना उघडली. सप्टेंबर 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला आणि तिच्या प्रमुखाला पुढच्याच महिन्यात पद सोडावे लागले. ग्राहकहित हे त्या बँकेचेही घोषित मूल्य होते.

म्हणून मूल्यांशी मेळ घालणे हे काम पद्धत बसवून झाल्यानंतर प्रशिक्षणाच्या एका सत्रात उरकता येत नाही. निवड चालू असतानाच प्रत्येक जाहीर मूल्यासमोर लिहून काढावे की ते पाळणाऱ्या माणसाचा आकडा या पद्धतीत चांगला दिसेल की वाईट. दोष दिसताच यंत्र थांबवणाऱ्या कामगाराच्या विभागाचा प्रति नग खर्च त्या महिन्यात वाढतो. तपासणीचा वेळ स्वतंत्र नोंदवला नाही, तर त्याने मूल्य पाळले आणि दंडही त्यालाच झाला. तसेच फेरकामाचा, म्हणजे सदोष काम पुन्हा करण्याचा, खर्च कुठे टाकायचा हेही आधी ठरवावे. ग्राहकाच्या खास अटीमुळे झालेले फेरकाम त्या जॉबवर जाते, सर्वच कामांत नेहमी होणारे ओव्हरहेडमध्ये, आणि निष्काळजीपणामुळे झालेले असामान्य फेरकाम नफा-तोटा खात्यात. या तिन्हींसाठी वेगळे संकेतांक नसतील तर सगळे ओव्हरहेडमध्ये विरघळते आणि नीट काम करणाऱ्यांच्या जॉबवरही त्याचा दर चढतो.

जुनी पद्धत बदलून नवी आणायची असेल, तर निदान एक पूर्ण उत्पादनचक्र दोन्ही शेजारी चालवावीत आणि त्या काळात नव्या आकड्यांवर कोणाचेही मूल्यमापन करू नये. जॉब कार्ड, मागणी-चिठ्ठी आणि टाइमशीट भरणाऱ्या माणसांना त्या आकड्यांचे पुढे काय होते ते दाखवावे, कारण नोंदीची अचूकता त्यांच्याच हातात असते. सामान्य तुटीचा टक्का, ओव्हरहेडचा दर आणि सामान्य क्षमता या तीन गोष्टींचा आढावा कोण, केव्हा घेणार हे लेखी ठरवावे, आणि त्या आढाव्यात लेखा विभागाबरोबर उत्पादनाचा आणि गुणवत्ता-तपासणीचा प्रतिनिधी असावा.