इंजिन व गिअरबॉक्स उतरवणे आणि चढवणे

मोटारीचे इंजिन, गिअरबॉक्स किंवा दोन्ही एकत्र गाडीतून सोडवून बाहेर काढणे आणि काम झाल्यावर परत जागेवर बसवणे. एरवी गॅरेजमध्ये होणारे हे काम बंगल्याच्या पोर्चमध्ये, वाड्याच्या अंगणात किंवा शेतावरच्या शेडमध्येही करता येते आणि साध्या बांधणीच्या जुन्या गाड्यांचे हौशी मालक ते करतातही. ताकदीचे काम अशी त्याची ख्याती आहे, पण ती फारशी खरी नाही. इंजिन साखळीला लोंबकळते ते थोडाच वेळ. बाकीचा सगळा वेळ जातो तो सोडवलेली प्रत्येक वस्तू कुठे आणि कशी होती याचा हिशेब ठेवण्यात, आणि चढवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचच्या नेमक्या मधोमध नेण्यात.

इंजिन उतरवण्याची गरज दर वेळी नसते. हेड गॅस्केट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट ही कामे बहुतेक गाड्यांत इंजिन जागेवर ठेवून होतात. क्लच प्लेट गेली असेल तर नुसता गिअरबॉक्स खाली घेतला तरी पुष्कळ गाड्यांत भागते. क्रँकशाफ्टची मेन बेअरिंग वाजू लागली, सिलिंडर घासल्यामुळे बोअर मारून (आतून कोरून) मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे असले, ब्लॉकला तडा गेला किंवा अख्खे इंजिनच बदलायचे असले, तर मात्र उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला की लगेच ‘इंजिन काढावे लागेल’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. व्हॉल्व्हची रबरी सील कडक झाली तरी असाच धूर येतो आणि ती इंजिन न उतरवता बदलता येतात. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून पाहावे, मग पाना हातात घ्यावा.

इंजिन कोणत्या बाजूने बाहेर काढायचे हे गाडीच्या बांधणीवर ठरते. अँबेसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या. त्यांत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेत बसते, त्याच्या मागे गिअरबॉक्स आणि तेथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या ॲक्सलकडे जातो. पद्मिनी तयार होई ती मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. तिचे १०८९ सीसीचे इंजिन उतरवण्याचा सराव मुंबईच्या टॅक्सी मेस्त्रींच्या काही पिढ्यांना होता. अँबेसेडरचे जुने इंजिन ब्रिटिश घराण्याचे आणि सगळे ओतीव लोखंडाचे. त्याला इंची पाने लागतात आणि माणसांनी हातावर उचलण्याचा विचारही करू नये. मारुती ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने ते खालच्या बाजूने निघते. या बाबतीत सर्वांत सोपी गाडी जर्मन फोक्सवॅगन बीटल. हवेने थंड होणारे इंजिन मागे असते, रेडिएटरच नसतो आणि इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी जोडलेले असते. जोडण्या सोडवल्या की इंजिन जॅकवर खाली घ्यायचे, गाडीचा मागचा भाग वर उचलायचा आणि इंजिन मागून ओढून काढायचे. पाश्चात्त्य देशांत हौशी लोकांनी घरी इंजिन उतरवण्याची जी परंपरा रुजली, तिच्यात या गाडीचा वाटा मोठा आहे.

भारतात घरी शिकण्यासारखी गाडी म्हणजे मारुती ८००. १९८३ ते २०१४ या काळात ती बाजारात होती. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे छोटे इंजिन बॉनेटखाली आडवे बसवलेले, त्याच्याच रेषेत शेजारी गिअरबॉक्स आणि त्याच्या पोटातच डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर. बहुतेक नट-बोल्ट १०, १२, १४ आणि १७ मिमीचे. पुढील वर्णन मुख्यतः कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ला धरून केले आहे. इंजेक्शनच्या गाडीत वायरिंग पुष्कळ वाढते. शिवाय पेट्रोलच्या नळीत दाब साठलेला असतो. तो घालवण्यासाठी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे लागते.

जागा सपाट आणि काँक्रीटची हवी. फरशीवर घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, घसरतात, मातीत रुततात. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नये. सेक्रेटरी हरकत घेतील हा भाग वेगळा. खरे कारण असे की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. गाडी जॅकवर उचलून लगेच लोखंडी घोड्यांवर टेकवावी. विटांचा किंवा सिमेंटच्या ब्लॉकचा आधार घेऊ नये, कारण वीट कोणतीही सूचना न देता फुटते. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली एक हातसुद्धा घालू नये. या कामात गाडी अंगावर येऊन जीवघेणे अपघात होतात.

उचलण्यासाठी हायड्रॉलिक इंजिन क्रेन सर्वांत चांगली. ती नसेल तर एक टनाची चेनपुली पुरते. खेडोपाडी विहिरीतली किंवा बोअरची मोटर काढायला जी तिपाई आणि चेनपुली वापरतात, तीच येथेही चालते. फक्त तिपाईचे तिन्ही पाय खाली दोरीने एकमेकांना बांधून घ्यावे, म्हणजे ते फाकत नाहीत. घरातल्या झोपाळ्याच्या कड्यांचा मोह टाळावा. झोपाळ्याचा भार चार कड्यांवर वाटला जातो, इंजिनाचा एकाच कडीवर येतो आणि साखळी ओढताना त्याला झटकेही बसतात. इंजिनाला साखळी लावायची ती हेडवरच्या उचलण्याच्या कड्यांना, इनलेट मॅनिफोल्डला कधीच नाही. साखळीचे दोन फाटे जितके पसरट, तितका त्यांच्यावरचा ताण जास्त: दोन फाट्यांमधला कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक फाट्यावर इंजिनाच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. म्हणून साखळी लांब ठेवून फाटे उभट करावे.

सुरुवात बॅटरीपासून. निगेटिव्ह टोक आधी काढायचे आणि शेवटी ते सगळ्यांत नंतर लावायचे. बॉनेट काढण्यापूर्वी बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ ओढून ठेवली तर परत बसवताना फटी सारख्या येतात. कूलंट गार इंजिनातच काढावा आणि उघड्या घमेल्यात ठेवू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, त्यामुळे कुत्री-मांजरे ते पिऊन मरतात. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलही आताच काढून घ्यायचे. मग एकेक करून एअर फिल्टर, रेडिएटर, पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटर, चोक आणि क्लच यांच्या केबल, स्पीडोमीटरची केबल, सेल्फ (स्टार्टर मोटर) आणि डिस्ट्रिब्युटरच्या वायरी, सायलेन्सरचा पुढचा पाइप. एसी असेल तर कॉम्प्रेसर नळ्यांसकट सोडवून बाजूला बांधून ठेवावा. नळ्या उघडू नयेत. आतला वायू दाबाखाली असतो आणि अंगावर आला तर कातडी गोठवतो.

नोंदी ठेवण्याचे काम मोबाइलने सोपे केले आहे, पण नुसत्या फोटोंवर विसंबू नये. फोटोत वायर दिसते, बोल्टची लांबी दिसत नाही. जुन्या मेस्त्रींची रीत अशी: खोक्याच्या पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगची (इंजिनाला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचाची) ओबडधोबड आकृती काढायची, जिथे बोल्ट तिथे भोक पाडायचे आणि सुटलेला बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवायचा. लांबट बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात काहीच आवळत नाही. जोर लावला तर ॲल्युमिनिअम फुटते. पुठ्ठ्यामुळे ही शक्यताच उरत नाही. वायरींना चिकटपट्टी लावून आकडे घालावेत, आणि तोच आकडा समोरच्या टोकावरही.

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मुख्य अडथळा दोन ॲक्सलचा. खालचा बॉल जॉइंट सोडवून चाकाचा हब बाहेर झुकवला की ॲक्सलला सरकायला जागा मिळते. त्याचे आतले टोक डिफरन्शिअलमध्ये सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या तारेच्या कड्याने) अडकलेले असते. कडेला टॉमी (लोखंडी पहार) घालून छोटा झटका दिला की ते सुटते. ॲक्सलच्या दांड्याला धरून ओढले तर सर्क्लिप जागीच राहते आणि सांधाच आतून निसटतो. गिअरचा रॉड सोडवला की राहतात ती फाउंडेशन, म्हणजे इंजिनाखालची रबरे. ती साखळीने भार घेतल्यानंतरच मोकळी करायची.

मग इंजिन इंचभर उचलून थांबायचे. वर उचलण्याची घाई सगळ्यांनाच असते, पण हा थांबा महत्त्वाचा. टॉर्च घेऊन गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायची, खालूनही पाहायचे. हमखास राहून गेलेल्या वस्तू ठरलेल्या आहेत: बॉडीची अर्थिंगची पट्टी, रिव्हर्स लाइटची वायर, तापमानाच्या सेन्सरची पिन, हीटरची मागची नळी. त्यांतले काही राहिले नाही याची खात्री झाली की एकाने साखळी ओढायची आणि दुसऱ्याने इंजिन हाताने वळवत बाहेर काढायचे. टांगलेल्या इंजिनाखाली कोणीही पाय ठेवू नये. बाहेर आलेले इंजिन टायरवर ठेवले तर कलंडत नाही आणि ऑइलचा चंबूही (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) चेपत नाही.

इंजिन बाहेर असताना स्वस्त सुटे भाग बदलून घेणे शहाणपणाचे: क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचे मागचे ऑइल सील, ॲक्सलची सील, चिरलेली फाउंडेशन. या वस्तू मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत सहज मिळतात. त्यांतले एखादे सील महिनाभरात गळू लागले तर सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

चढवताना कस लागतो तो इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना. क्लच प्लेट फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचे जड चाक) आणि तिला त्यावर दाबणारी प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली असते. ती जराशी खाली किंवा बाजूला बसली तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या खाचांत शिरत नाही. म्हणून प्रेशर प्लेट आवळण्यापूर्वी डमी शाफ्ट घालून प्लेट मधोमध आणतात. जुन्या गिअरबॉक्समधला कापलेला शाफ्ट याला उत्तम चालतो. प्लेटची बाजू तपासावी: स्प्रिंग असलेला फुगीर भाग सहसा प्रेशर प्लेटकडे येतो. उलटी बसवली तर क्लच सुटतच नाही, आणि हे कळते ते सगळी जोडणी झाल्यावर. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात पुरतो. जास्त झाले तर फिरताना उडून प्लेटवर जाते.

दोन्ही भाग जवळ आणले की शेवटचे बोटभर अंतर बऱ्याचदा अडते. लांब बोल्ट घालून ते अंतर ओढून मिटवण्याचा मोह येथे होतो आणि बेल हाउसिंगचे कान तुटतात ते याच क्षणी. अडले तर रेषा चुकली आहे असे समजावे. गिअर टाकून ॲक्सलची बाजू हळू फिरवावी, म्हणजे शाफ्ट फिरून त्याच्या खाचा प्लेटच्या खाचांशी जुळतात. जॅक किंचित वरखाली करून दोन्ही पृष्ठभागांमधली फट सगळीकडे सारखी आहे का ते पाहावे. जुळले की हाताच्या दाबानेच ते बसते आणि डोवेल पिना (दोन्ही भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) आत गेल्याचा ‘टक’ असा आवाज येतो. बोल्ट त्यानंतर. ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी असणारा टॉर्क कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसलेला असावा लागतो; तसा नसताना बोल्ट आवळले तर पंप फुटतो.

बाकीची जोडणी उलट्या क्रमाने होते. विसरू नये अशी एकच गोष्ट सांगायची तर ती अर्थिंगची पट्टी. ती राहिली तर सेल्फ मारताच सगळा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट बहुधा ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल असते. केबल लालबुंद होते, वरचे आवरण वितळते आणि मालक मात्र सेल्फमध्ये दोष शोधत बसतो.

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी कॉइलची मुख्य वायर काढून, ठिणगी न देता, थोड्या थोड्या वेळाने सेल्फ मारावा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबावे. नंतरच वायर लावून इंजिन चालू करावे. हीटरचा नळ उघडा ठेवून कूलंट भरला तर आत हवा अडकत नाही. पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवून गळती पाहावी, क्लचच्या पेडलची ढिलाई जुळवावी, आणि काही दिवस चालवल्यावर फाउंडेशनचे व सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. काढलेले काळे ऑइल गटारात ओतू नये. जुने ऑइल नेणारे गॅरेजवर येतात, त्यांना द्यावे.

तेच इंजिन परत बसवले तर कागदपत्रांचा प्रश्न येत नाही. दुसरे बसवले तर येतो. इंजिनाचा क्रमांक गाडीच्या आरसीवर नोंदलेला असतो आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओला कळवून नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. न केल्यास विम्याचा दावा आणि गाडीची विक्री दोन्ही अडू शकतात. भंगारबाजारातून इंजिन घेताना ब्लॉकवरचा क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नाही ना हे पाहावे, पक्के बिल घ्यावे, आणि इंजिन चढवण्यापूर्वीच क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा काढून घ्यावा. मारुती ८०० सारख्या अरुंद बॉनेटखाली इंजिन एकदा बसले की त्या क्रमांकापर्यंत हात नीट पोचत नाही.